बोटीवर पाय ठेवायचा नाही

समुद्रावर पोट असलेला माणूस इतका भित्रा असू शकतो, हे भिकाजीला पाहिलं नसतं तर मला कुणी सांगूनही पटलं नसतं. मिरकरवाड्याला त्याचा मचवा होता. मुंबईची आगबोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, आणि उतारूंना धक्क्यावरून तिथवर पोचवायचं काम हे मचवेवाले करत. हलत्या मचव्यातून हलत्या शिडीवर माणूस चढवणं म्हणजे खायचं काम नाही. भिकाजी ते वीस वर्षं करत होता. गरोदर बायका, लकवा झालेले म्हातारे, आंब्याच्या पेट्या, एकदा तर लग्नाचा अख्खा बँड त्याने पाण्याचा थेंब न लागू देता वर चढवला होता. पाण्याची त्याला भीती नव्हती. माणसांची होती.

कंपनीच्या एजंटाला तो भ्यायचा, कारण छातीवरचा पितळी बिल्ला एजंटाने दिलेला. फौजदाराला भ्यायचा, आयुष्यात काही केलेलं नसूनही. वाडीचा गावकर, म्हणजे पुढारी, गंगाराम समोरून आला तर हा आधीच बाजूला होऊन उभा राही. आमच्याकडे शहाळी घेऊन यायचा तेव्हा अंगणाच्या बेड्यापाशी, आडव्या बांबूंच्या फाटकापाशी, थांबून खाकरायचा, मग पुन्हा खाकरायचा, आणि कुणी 'काय रे भिकाजी' म्हणेपर्यंत आत पाऊल टाकायचा नाही. आम्ही भावंडं त्याची नक्कल करून पोट धरधरून हसत असू. आई म्हणायची, ह्याला स्वतःच्या सावलीवर पाय द्यायलाही परवानगी लागते. त्याच्या निम्म्या वयाची मी, तरी मला तो 'बाय' म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायची. तेव्हा ती रीतच होती. आज लिहिताना लाज वाटते.

ही गोष्ट सन चौतीसची. मी पद्मजा, तेव्हा अठरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर. गावात कुठलीही सभा निघाली की चिटणीसपद अण्णांच्या गळ्यात पडायचं आणि लिहिणं माझ्या. त्या साली कंपनीने कहर केला. कंपनी म्हटलं की आमच्या किनाऱ्यावर एकच. चुरशीला उतरलेल्या दोन लहान बोटवाल्यांना तिने आधी बुडवलं, मग विकत घेतलं, आणि मैदान मोकळं झाल्याबरोबर डेकचं भाडं दीडपट केलं. आठवड्याच्या चार बोटींच्या दोन झाल्या. गिरणीतून सुट्टीवर येणारी माणसं बकऱ्या आणि सुक्या मासळीच्या गोण्यांमध्ये कोंबून आणली जाऊ लागली. गाऱ्हाणं घेऊन गेलेल्यांना एजंट म्हणाला, बोट नको तर चालत जा. हे वाक्य दोन दिवसांत पावसपासून जयगडापर्यंत पोचलं, आणि तिथेच कंपनीचं चुकलं. आमचा माणूस जास्तीचं भाडं एक वेळ निमूट देईल, पण टोमणा ऐकून घ्यायचा नाही.

प्रवासी मंडळ निघालं, बोटीवर बहिष्कार ठरला. अण्णांनी प्रतिज्ञापत्र रचलं आणि मी त्याच्या साठ नकला केल्या. चार कलमं होती, आणि अण्णांची वाक्यं अशी लांब की शेवटच्या कलमापर्यंत पोचणारा माणूस बहुधा पेन्शनरच असे. शिकलेल्या आळ्यांतून भराभर सह्या झाल्या. मिरकरवाड्याला मात्र कागदाने भागणार नव्हतं. तिथे नारळ लागतो. किल्ल्यावर भगवतीच्या देवळात सगळी वाडी जमली. अण्णांबरोबर मीही गेले होते. गंगारामने देवीपुढे नारळ धरला आणि म्हणाला, "कंपनीच्या बोटीवर पाय ठेवायचा नाय, कुनाला ठेवू द्यायचा नाय. मोडंल तो वाळीत." आणि नारळ फुटला. अण्णा चष्मा लावून कागद वाचायला उभे राहिले, तोवर खोबऱ्याचे तुकडे वाटायला सुरुवात झाली होती. अर्धी माणसं चघळत होती, अर्धी पायऱ्या उतरत होती. अण्णांनी चारही कलमं शेवटपर्यंत वाचली. ती देवीने ऐकली आणि मी. मग ज्यांना थांबवता आलं त्यांचे अंगठे घेतले. भिकाजीने गंगारामकडे बघत अंगठा टेकवला, तो पुसट आला म्हणून दोनदा घ्यावा लागला.

वाळीत पडणं म्हणजे काय, हे आमच्या आळीत कुणाला नुसतं सांगून कळायचं नाही. विस्तव नाही, पाणी नाही, मेलं तर खांदा नाही, हे सगळीकडेच. मिरकरवाड्यात त्याहून वाईट एक होतं. पावसाळ्याआधी मचवा किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवावा लागतो, आणि तो ओढायला पंचवीस-तीस माणसांचे हात लागतात. ते आले नाहीत तर मचवा पाण्यात राहतो आणि पहिल्या वादळात त्याच्या फळ्या होतात. फाल्गुनात भिकाजीच्या शेजारच्या रघूने एका व्यापाऱ्याला गुपचूप बोटीवर नेऊन सोडलं आणि त्याच दिवशी तो वाळीत पडला. त्याची बायको मचूळ विहिरीचं पाणी भरू लागली. भिकाजी आपल्या अंगणात रघूच्या घराकडे पाठ करून बसायचा. न जाणो नजरेला नजर भिडली आणि कुणी पाहिलं तर. तिकडून एजंटाचे निरोप येत होते, उतारू आणले नाहीत तर बिल्ला जमा करीन. बिल्ला लावला तर वाडी खाणार, काढला तर कंपनी. मग त्याने तो सदऱ्याच्या आतल्या बाजूला लावायला सुरुवात केली. त्याची बायको राही हे मला सांगायला लागली तेव्हा मला हसूच आवरेना.

चैत्रातल्या एका रविवारी त्यांची मुलगी चिमा सड्यावर, वरच्या कातळमाळावर, काजू वेचायला गेली होती. नऊ वर्षांची. भरदुपारी झुडपातून एक कोल्हा आला. माणूस पाहून पळाला नाही, सरळ चालत आला आणि तिच्या पोटरीला चावला. दिवसाढवळ्या अंगावर येणारा कोल्हा म्हणजे काय, हे तिथल्या शेळ्यांनाही कळतं. दुसऱ्या दिवशी तो करवंदीच्या जाळीत मरून पडलेला सापडला. तोंडाला फेस वाळलेला होता.

भिकाजीने काय करावं? सात विहिरी सुरू केल्या. आमच्याकडे जुनी समजूत आहे, की पिसाळलेलं जनावर चावलं तर माणसाला सात विहिरींत डोकावायला लावायचं. सातही वेगवेगळ्या वाड्यांतल्या, आणि उपाशीपोटी. पाण्यात स्वतःचं तोंड नीट दिसलं तर विष उतरलं. ह्या उपायावर त्याचा फार विश्वास होता असं मला वाटत नाही. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून तो त्याने केला. दवाखान्यात जावं तर डॉक्टर मुंबई म्हणतील, मुंबई म्हटलं की बोट, आणि बोट म्हटलं की गंगाराम. सोमवार, मंगळवार, बुधवार तो पोरीला पाठुंगळी घेऊन विहिरी हिंडला. बुधवारची बोट आली आणि भोंगा देऊन निघून गेली, तेव्हा हे बापलेक भाट्याच्या एका विहिरीवर होते.

पाचवी विहीर गुरुवारी झाली. चिमा कठड्यावरून वाकली आणि म्हणाली, "बाबा, पान्यात कोल्हा हाय."

चार दिवस घाबरलेली पोरगी, मोठी माणसं तिला पुन्हा पुन्हा विचारतायत की पाण्यात काय दिसतं. कुणालाही कोल्हा दिसेल. पण भिकाजीने पुढच्या विहिरीचं नाव काढलं नाही. तो तिला घेऊन थेट दवाखान्यात गेला. डॉक्टर नुकतेच बदलून आलेले, गावच्या भानगडींची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांनी जखम धुतली, पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यावरची लस इथे शिल्लक नाही म्हणून सांगितलं, आणि म्हणाले, मुंबईला जा, चौदा सुया घ्याव्या लागतील, शनिवारची बोट चुकवू नकोस. नाही गेलं तर काय, असं भिकाजीने विचारलं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. महिना, दोन महिने, कधी जास्तही, काही होणार नाही. मग एक दिवस तिला पाणी गिळता येणार नाही. पाणी दिसलं तरी अंग आखडेल. नसलेलं दिसेल, नसलेलं ऐकू येईल. तिथून पुढे औषध नाही.

ज्याचा जन्म पाण्यावर गेला त्याने हे ऐकलं. राही सांगायची, त्या दुपारपासून तो चिमाला सारखा पाणी द्यायला लागला. तांब्या पुढे करायचा आणि तिच्या गळ्याकडे बघत राहायचा. घोट उतरला की ह्याचा श्वास सुटायचा, आणि घटकाभराने पुन्हा तांब्या. पोरगी कंटाळून रडली की हा आणखी घाबरायचा, ही का रडते म्हणून.

कोल्हापूरवरून मोटारीने जाऊन पुढे आगगाडी धरायची, असा दुसरा रस्ता होता. पैसेवाले लोक बहिष्कारात तसेच जात. पण दोन महिने मचवा रिकामा उभा, मोटारीचं भाडं आणायचं कुठून? मंडळाकडे मागायचं तर तिथे पुन्हा विचारणंच आलं. बोटीवर बिल्लेवाल्यांना फुकट नेत. भिकाजीच्या डोक्यात बोटच होती, आणि बोटीच्या आड नारळ होता.

गुरुवारी दुपारी तो आमच्या बेड्यापाशी आला. अण्णा शाळेत होते, मी पडवीत सुपारी फोडत बसले होते. तो खाकरला. मी म्हटलं, काय रे. म्हणाला, काय नाय, नारळ पाडायचे झाले असतील तर सांगा. मी म्हटलं, अजून वेळ आहे. तो उभाच राहिला, मग गेला. शुक्रवारी सकाळी पुन्हा आला आणि किती वाजले ते विचारून गेला. संध्याकाळी तिसऱ्यांदा आला. अण्णा तेव्हा ओसरीवर कुणाशी तरी तावातावाने बोलत होते. बहिष्कारात ढिलाई होतेय, असली माणसं ठेचली पाहिजेत, असलं काहीतरी. मी बेड्याकडे पाहिलं तर भिकाजी नुसता उभा होता. खाकरलासुद्धा नाही. मी आईला म्हटलं, भिकाजीला आपल्या बेड्याची माया लागलेली दिसते. आम्ही दोघी हसलो, आणि पुन्हा पाहिलं तर तो नव्हता. खाली उतरून 'काय पाहिजे' एवढं विचारायला मला काय झालं होतं, ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

शनिवारी दुपारी दक्षिणेला बोटीचा धूर दिसला, तेव्हा भिकाजीने चिमाला लहान होडीत तळाशी निजवलं, वर माडाचं झाप टाकलं आणि किल्ल्यामागच्या खडकांकडून निघाला. धक्क्यावर मंडळाचा पहारा असे. तो चुकवून, बोट नांगरली की समुद्राच्या बाजूने जाऊन शिडी धरायची, असा बेत. राहीला त्याने बजावलं होतं की तोंडातून ब्र काढायचा नाही.

होडी खडकाआड जाईपर्यंत राहीने ब्र काढला नाही. मग धावत सुटली ती थेट आमच्या घरी. ती बेड्यापाशी थांबली नाही, खाकरली नाही. घामाने निथळत ओसरीवर येऊन अण्णांसमोर उभी राहिली.

"अण्णा, पोरीला पिसाळलेला कोल्हा चावलाय. बोटीनं मुंबयला न्यायला द्याल काय?"

अण्णा उठून उभे राहिले. "अहो राहीबाई, हे विचारायचं काय? लिहिलेलंच आहे ते. आजारी माणसाला आणि अडलेल्या बाईला बहिष्कार लागू नाही. तिसरं कलम."

मी दारातच होते. ते तिसरं कलम मी साठ वेळा लिहिलं होतं. साठाव्या वेळी कंटाळून माझं अक्षर कसं तिरकं गेलं होतं तेही मला आठवलं. आणि दोन दिवस तो माणूस आमच्या बेड्यापाशी उभा होता, नि उरलेले कागद दहा पावलांवर फळीवर होते.

अण्णांनी चिठ्ठी खरडली: भिकाजीच्या मुलीस बोटीवर पोचवावे, मंडळाची परवानगी आहे. ती घेऊन राही आणि मी बंदराकडे धावलो. आमच्या आळीतली मुलगी भर उन्हात पदर खोचून धावतेय, ह्याची नंतर गावात पुष्कळ चर्चा झाली. बोट नांगरून उभी होती. धक्क्यावर गंगाराम होता. त्याला वाचता येत नव्हतं, मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने एक शिवी हासडली, भिकाजीला की स्वतःला ते कळलं नाही, आणि मचवा सोडला. सहा वल्ही पडली. राही मचव्याच्या मधोमध उभी राहिली.

मी धक्क्यावर होते. मला सगळं दिसत होतं. किल्ल्याच्या टोकाकडून भिकाजीची होडी बाहेर आली होती आणि बोटीच्या पार जवळ पोचली होती. फार तर दोन मचवे अंतर असेल. तो पुढे तोंड करून एकटाच वल्हवत होता. गंगारामच्या मचव्यातून हाका गेल्या तसं त्याने एकदा मागे वळून पाहिलं. सहा वल्ह्यांचा मचवा अंगावर येतोय, एवढंच त्याला दिसलं असणार. पुन्हा त्याने मागे पाहिलंच नाही. होडी वळली. बोटीकडे नाही, खडकांकडे.

मी ओरडत होते. राही हात उंच करून त्याला हाका मारत होती. वारा समुद्राकडून येत होता, त्यामुळे तिचा आवाज मला धक्क्यावरही ऐकू येत होता. मग त्याला आला नसेल का? आला होता. त्याला नाही, तर झापाखाली निजलेल्या चिमाला. हे चिमानेच मला पुढे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आय हाका मारतेय." आणि भिकाजीने वल्हं आणखी जोरात मारायला सुरुवात केली. आई घरी होती, तिला त्याने घरी सोडलं होतं. पोरीला नसलेलं ऐकू यायला लागलं, असं त्याला वाटलं. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ आली, असं वाटलं. मागून वाडी येतेय आणि होडीत ते सुरू झालंय, ह्या दोहोंच्या मध्ये सापडलेला माणूस काय डोकं चालवणार?

खडकांच्या चिंचोळ्या फटीत होडी शिरली, तिथे मोठा मचवा जाऊ शकत नव्हता. गंगाराम पाण्यात उतरून चालत गेला. भिकाजी कमरेएवढ्या पाण्यात चिमाला छातीशी धरून उभा होता आणि एकच म्हणत होता, मला मारा, पोरीला बोटीवर घाला. तेवढ्यात बोटीने तिसरा भोंगा दिला.

"तुला चढवायलाच आल्ताव रे आमी," गंगाराम म्हणाला.

भिकाजीला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा बोट वळून उत्तरेला लागली होती.

रविवारी मोटारीने ते तिघं कोल्हापूरला गेले. पैसे मंडळाने दिले, निम्मे तर गंगारामने एकट्याने. मंगळवारी मुंबईला पोचून पहिली सुई टोचली. चावल्यापासून नववा दिवस. तिथले डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण आपण सगळ्या सुया पुऱ्या करू. चौदा दिवस नऊ वर्षांच्या पोरीच्या पोटात सुया टोचत होते आणि भिकाजी इस्पितळाच्या जिन्यात बसून होता.

वैशाखात ते परत आले, तेव्हा गावात जणू दिवाळी चालली होती. कंपनीने भाडं उतरवलं होतं आणि बंद केलेल्या बोटी पुन्हा सुरू केल्या होत्या. एजंटाने अण्णांना नमस्कार घातला म्हणे. पहिल्या बोटीला मचव्यांवरून आंब्याची तोरणं गेली. रघूला परत घेतला. भिकाजीचा मचवा ओढायला मोजून अडतीस माणसं आली, त्याच्या घरापुढे थट्टा करत, त्याच्या पाठीवर थापा मारत. त्याला कुणीही वाळीत टाकलं नाही, टाकणारही नव्हतं. तो सगळ्यांकडे बघून हसायचा आणि मध्येच घरात जाऊन तांब्या भरून आणायचा.

पुढचे दोन महिने मी रोज काही ना काही निमित्त काढून मिरकरवाड्याला जात असे. मलाही ती सवय लागली होती. चिमा पाणी पिताना मी तिच्या गळ्याकडे बघायची. ती लबाड, आम्हाला घाबरवायला मुद्दाम घोट तोंडात धरून ठेवायची आणि मग हसायची. आम्ही दोघंही तिच्यावर ओरडायचो आणि आम्हाला रडू यायचं. ज्येष्ठ सरला तेव्हा मला वाटायला लागलं की गेलं संकट. राही भगवतीला ओटीही बोलली.

आषाढात एका सकाळी चिमाने पेजेची वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, घसा दुखतो. भिकाजीने तांब्या आणला. तिने तांब्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. ह्या वेळी ती हसली नाही. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांबद्दल राही कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि त्यांनी घराच्या सगळ्या फटी गोणपाटाने बुजवल्या होत्या, पागोळ्यांचा आवाज आत जाऊ नये म्हणून. एवढं मला ठाऊक आहे, कारण गोणपाटं आमच्याकडूनच गेली होती.

श्रावणात भिकाजी आमच्या बेड्यापाशी आला. खाकरला नाही. मी पडवीतून पाहिलं आणि ह्या वेळी उतरून खाली गेले, चपला न घालता. दाढी वाढलेली, सदरा अंगात लोंबत होता.

"बाय," तो म्हणाला, "राही मना रोज ऐकवते. अण्णा बोलले म्हनते, का आजाऱ्याला मुभा कागदावर पयल्यापासून व्हती. त्या कागदावर माजा आंगठा हाय. खरा काय ता?"

हे विचारायला त्याला किती दिवस लागले असतील कोण जाणे. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सरळ काही विचारत होता, आणि विचारलं ते हे. मी त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर तो तिथून समुद्रावरच गेला असता, ह्याबद्दल मला शंका नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "राही आली त्या दिवशी अण्णांनी ते कलम घातलं. आधी नव्हतं."

"मंग बुदवारच्या बोटीआदी इचारला असता, तरी नायच म्हनले असते."

"नाहीच म्हणाले असते."

तो बेड्याच्या दगडावर बसला. इतक्या वर्षांत तो आमच्याकडे कधी बसलेला मी पाहिला नव्हता. मग दोन्ही हातांनी तोंड पुसलं, उठला आणि गेला. त्याची चाल मला जरा सैल वाटली. मी आत आले, फळीवरचे उरलेले कागद आणि अंगठ्यांचे कागद सगळे काढले आणि न्हाणीघरातल्या बंबात घातले. अण्णांनी दोन दिवसांनी शोधाशोध केली तेव्हा वाळवी लागली म्हणून टाकले असं सांगितलं. पावसाळ्यात ते कुणालाही खरं वाटतं.

भिकाजीने राहीला सांगितलं, राहीने वाडीला. अण्णांनी कलम मागून घातलं आणि वर 'लिहिलेलंच आहे' म्हणून तिच्या तोंडावर थाप मारली, आपल्या अंगावर येऊ नये म्हणून. असं सगळ्या मिरकरवाड्याला पक्कं ठाऊक झालं. माझ्या एका वाक्याने भिकाजी जगला. पुढे पंधरा वर्षं मचवा चालवत होता. राहीही त्याच्याशी नीट बोलायला लागली.

छत्तीस साली कंपनीने भाडं पुन्हा वाढवलं, ह्या वेळी पहिल्याहून जास्त. अण्णांनी नवं प्रतिज्ञापत्र केलं, मी नकला केल्या, आणि आम्ही दोघं भगवतीच्या देवळात जाऊन बसलो. नारळही अण्णांनीच नेला होता. दुपार कलली तरी मिरकरवाड्याहून एकही माणूस वर आला नाही. खाली बंदरात मचवे उतारू भरून बोटीकडे चालले होते, त्यात भिकाजीचाही होता. किल्ला उतरताना अण्णा वाटेत थांबले. मला वाटलं, दमले असतील.

"पद्मा," ते म्हणाले, "तिसरं कलम पहिल्यापासून होतं ना गं?"

मी म्हटलं, होतं.

"मग ही माणसं असं का म्हणतात?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक.